प्रस्तावना : उत्तरायुष्यातील धावणे आणि त्याला लागणारे अन्न

साठीच्या आसपास धावायला लागलेल्या, किंवा तरुणपणापासून धावत राहून त्या वयापर्यंत पोहोचलेल्या माणसाच्या शरीरात वयाने होणारी झीज आणि व्यायामाने होणारी घडण या दोन प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात. त्यांतली कोणती वरचढ ठरेल हे तो किती धावतो यावर जितके अवलंबून असते, तितकेच तो काय, किती आणि केव्हा खातो यावरही असते. असे असूनही हे दोन विषय बहुधा वेगवेगळे हाताळले जातात : धावण्याविषयीच्या पुस्तकात आहाराला शेवटचे एखादे प्रकरण मिळते, आणि ज्येष्ठांच्या आहाराविषयी लिहिताना व्यायामाचा उल्लेख सकाळी फिरायला जाण्याच्या सल्ल्यापाशी थांबतो. प्रस्तुत ग्रंथात ही फारकत मान्य केलेली नाही. उतारवयात अन्नाविना व्यायाम शरीराला पोखरतो आणि व्यायामाविना अन्न स्नायूंपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, हे त्याचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे, आणि ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे सांगणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा प्रश्न आता थोड्या हौशी लोकांचा उरलेला नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून, मुंबईची २००४ पासून आणि यवतेश्वरचा घाट चढून उतरणारी साताऱ्याची अर्धमॅरेथॉन २०१२ पासून होत आली आहे. मुंबईत तर ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी धावही ठेवलेली असते. निवृत्तीनंतर पहाटे बूट घालून बाहेर पडणारी माणसे आता मोठ्या शहरांबरोबर जिल्ह्याच्या गावांतही दिसतात. पायांनी उचललेली ही नवी सवय स्वयंपाकघरापर्यंत मात्र आलेली नाही. तेथे अजूनही ‘वय झाले, आता हलके खावे’ हाच नियम चालतो. दुपारी चतकोर भाकरी कमी होते, संध्याकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट येतो, आणि रात्री मऊ भात किंवा दूध-भात खाऊन दिवस संपतो. बैठ्या माणसालाही हे जेवण पुरत नाही. आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर धावणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत तर ते उघड उघड अपुरे आहे.

धावण्याची क्षमता वयाबरोबर का घटते, हे समजून घेताना पहिली संज्ञा येते ती कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमतेची, म्हणजेच ‘व्हीओटू मॅक्स’ची. पूर्ण ताकदीने श्रम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त जितका ऑक्सिजन वापरू शकते, ते तिचे माप होय. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात धावणाऱ्या माणसांवरच प्रयोग करून ही कल्पना मांडली. बैठ्या माणसात तिशीनंतर ही क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरते, आणि जो जोमाने व्यायाम चालू ठेवतो त्याच्यात घसरणीचा हा वेग बराच मंदावतो. या घसरणीत वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, हे अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासाने फार स्पष्टपणे दाखवले. त्यात विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले, आणि तेवढ्या अवधीत त्यांची ही क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयोवृद्धीने केलेले नुकसान त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केलेल्या नुकसानापेक्षा कमी भरले. शिवाय सहा महिन्यांच्या बेताच्या व्यायामाने पन्नाशीतले हे गृहस्थ आपल्या विशीतल्या, अंथरुणावर झोपण्यापूर्वीच्या पातळीपर्यंत परत आले. अभ्यास केवळ पाच जणांचा असल्याने त्यावरून सार्वत्रिक नियम बांधता येत नाही. तरी वयाच्या माथी मारले जाणारे बरेचसे नुकसान प्रत्यक्षात खुर्चीचे असते, हा त्याचा बोध नंतरच्या संशोधनाने खोडलेला नाही.

मोठ्या संख्येवर आधारलेला पुरावा स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केला. आयुष्याच्या अखेरीस येणारा पंगुपणाचा काळ मृत्यूच्या अधिकाधिक जवळ ढकलून आखूड करता येतो, ही कल्पना फ्राइज यांनी १९८० मध्ये मांडली होती. तिची परीक्षा घेण्यासाठी १९८४ मध्ये त्यांनी पन्नाशी ओलांडलेले ५३८ धावपटू आणि ४२३ इतर निरोगी माणसे निवडली व दोन दशके त्यांचा मागोवा घेतला. एकोणिसाव्या वर्षी न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के आणि धावपटूंपैकी १५ टक्के मरण पावले होते, आणि उठणे, चालणे, कपडे घालणे यांसारख्या रोजच्या कामांतली अडचण धावपटूंमध्ये पुष्कळ वर्षे उशिरा सुरू झाली. जे धावतात ते मुळातच अधिक सुदृढ आणि अधिक जागरूक असतात, हा आक्षेप येथे रास्त आहे आणि संशोधकांनी वय, वजन, धूम्रपान इत्यादींचा हिशेब करूनही तो पूर्णपणे निकालात निघत नाही. असे असले तरी मिळालेली वर्षे स्वतःच्या पायांवर जगता येणे, हे उतारवयातल्या धावण्याचे खरे फळ आहे आणि या अभ्यासाने ते नेमके पकडले आहे.

या विषयात विक्रमवीरांची नावे हटकून घेतली जातात. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००३ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर तीन तासांच्या आत, २ तास ५९ मिनिटे १० सेकंदांत पूर्ण केले आणि सत्तरीनंतर असे करणारे ते पहिले ठरले. ८५ व्या वर्षीही त्यांनी चार तासांच्या आत मॅरेथॉन संपवली. जालंधर जिल्ह्यातील ब्यास पिंड या गावचे फौजासिंग यांनी २००० मध्ये लंडनला पहिली मॅरेथॉन धावली तेव्हा त्यांचे वय ८९ मानले जात होते, आणि २०११ मध्ये शंभराव्या वर्षी ते टोरांटोची मॅरेथॉन धावले. जन्माचा दाखला नसल्यामुळे गिनीज बुकाने त्या विक्रमाची नोंद घेतली नाही, तरी त्यांचा पराक्रम त्यामुळे उणा होत नाही. अशी माणसे शक्यतेची सीमा दाखवतात आणि म्हणून त्यांचे ऋण मोठे आहे. पण फौजासिंग शाकाहारी होते म्हणून अमुक पदार्थ खावा, किंवा व्हिटलॉक रोज तासन् तास धावत म्हणून सर्वांनी तसेच करावे, असे अनुमान काढणे चूक आहे. सामान्य प्रकृतीच्या माणसाला मार्गदर्शन हवे असेल तर ते सामान्य प्रकृतीच्या माणसांवरील अभ्यासातूनच घ्यावे लागते.

अशा अभ्यासांपैकी सर्वांत मोलाचे दोन अभ्यास धावपटूंवर झालेलेच नाहीत. ते अतिवृद्ध आणि दुर्बल माणसांवर झाले. वयाबरोबर स्नायूंचे आकारमान आणि त्यांची ताकद घटत जाते, त्या क्षयाला अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. मराठीत त्याला वार्धक्यजन्य स्नायुक्षय म्हणता येईल. आकारमानापेक्षा ताकद अधिक वेगाने जाते आणि त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी जातात, म्हणून ठेच लागल्यावर तोल सावरण्याची चपळाई वजन उचलण्याच्या शक्तीपूर्वीच हरवते. मारिया फियातारोने आणि त्यांच्या बॉस्टनमधील सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नव्वदीच्या घरातल्या माणसांना आठ आठवडे पायांनी भारी वजने उचलायला लावली आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याहूनही महत्त्वाचा १९९४ चा दुसरा प्रयोग आहे. त्यात वृद्धाश्रमातील शंभर दुर्बल व्यक्तींचे चार गट केले होते : एकाला ताकदीचा व्यायाम दिला, एकाला पूरक पौष्टिक पेय, एकाला दोन्ही आणि एकाला यांपैकी काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसते पेय घेणाऱ्यांच्या दुर्बलतेत मात्र काही फरक पडला नाही. टॉनिके आणि प्रथिनांच्या भुकट्या यांच्या जाहिराती ज्येष्ठांना लक्ष्य करीत असताना हा निष्कर्ष घरोघरी पोहोचायला हवा होता.

याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. जेवणातून आलेल्या प्रथिनांचे अमिनो आम्लांत, म्हणजे प्रथिनांच्या मूळ घटकांत, विघटन होते आणि त्यांतील ल्युसीन नावाचे आम्ल रक्तात पुरेशा पातळीला पोहोचले की स्नायूंची बांधणी सुरू होते; तरुण शरीरात हा संकेत थोड्या प्रथिनांनीही मिळतो, परंतु वय वाढते तसे स्नायू त्याला कमी दाद देतात, आणि या बोथटपणालाच शास्त्रात बांधणीचा प्रतिरोध म्हणतात. त्यामुळे तरुणाला एका जेवणात शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे पाव ग्रॅम प्रथिने पुरत असली, तर वृद्धाला सुमारे ०.४ ग्रॅम लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण सुचवले आहे. वार्धक्यातील पोषणाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये निरोगी वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम, आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी किमान १.२ ग्रॅम अशी शिफारस केली.

हे आकडे ताटात उतरवून पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ उमगत नाही. साठ किलो वजनाच्या धावपटूला दिवसाला ७२ ग्रॅम आणि प्रत्येक मुख्य जेवणात २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्यांतून दहा-अकरा ग्रॅम मिळतात, मूठभर डाळीच्या घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, वाटीभर दह्यातून चार-पाच ग्रॅम आणि भाजीत घातलेल्या दाण्याच्या कुटातून तीन-चार ग्रॅम. म्हणजे साधे मराठी जेवण पोटभर आणि पूर्ण घेतले तर हे माप भरते. भाकरीच्या धान्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते विपुल असते, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. बिघडते ते पुढे : वरणाची पातळ आमटी होते, दोन भाकऱ्यांची एक होते, दात दुखतात किंवा कवळी नीट बसत नाही म्हणून उसळ आणि शेंगदाणे ताटातून जातात, कफ होईल म्हणून दही बंद होते, आणि जेवायला घरात एकटेच असले तर चूलच पेटत नाही. एवढे झाल्यावर रात्रीच्या वाटीभर दूध-भातातून सहा-सात ग्रॅमच हाती लागतात. मऊ मुगाचे धिरडे, पिठले, हुलग्याचे माडगे, मेतकूट घातलेला भात आणि वर ताक, शाकाहारी नसतील त्यांच्यासाठी दोन अंडी किंवा बांगड्याचा एक तुकडा, हे सारे चावायला सोपे आणि परवडणारे पर्याय आहेत. त्यांची सविस्तर कोष्टके पुढील प्रकरणांत दिली आहेत.

उपवासाचा विचार याच संदर्भात करणे भाग आहे, कारण वय वाढते तशी व्रतेही वाढतात आणि चातुर्मासात आठवड्याचे दोन-दोन दिवस उपवासाचे असू शकतात. श्रद्धेचा मान राखूनही हे सांगितले पाहिजे, की साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्टमय पदार्थ असून त्याच्या खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटाची असतात. राजगिरा, दूध, दही आणि शेंगदाणे यांना उपवासात मुख्य स्थान दिले आणि लांब धावेच्या दिवसाची एकादशीशी गाठ पडू दिली नाही, तर व्रत आणि व्यायाम दोन्ही सांभाळता येतात.

वजन कमी करण्यासाठीच बरेच जण धावायला लागतात, आणि येथे पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा उल्लेख अपरिहार्य आहे. त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा ‘बीएमआय’ हा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. युडकिन हे मॅरेथॉन धावणारे होते, याचीही नोंद तेथे आहे. दिसायला सडसडीत असलेल्या भारतीय शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात, हा या छायाचित्राचा आशय होता. अशा शरीराने म्हातारपणी खाणे तोडून वजन उतरवले तर चरबीबरोबर आधीच तोकडे असलेले स्नायूही जातात, काटा खाली आल्याचा आनंद होतो आणि जिना चढण्याची ताकद मात्र घटलेली असते. म्हणून साठीनंतर केवळ वजनाच्या काट्यावरून प्रगती मोजणे या ग्रंथाला मान्य नाही. कमरेचा घेर आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठता येणे ही त्याहून बोलकी मापे आहेत.

याज्ञिक यांच्याच गटाने पुण्याच्या परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी आढळली. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. त्यात उतारवयात जठरातील आम्ल घटल्यामुळे अन्नातून ते सुटे होणे अवघड जाते, आणि मधुमेहासाठी घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण आणखी कमी होते. त्याच्या अभावी पायांना बधिरता येते आणि पाऊल कोठे पडते याची जाणीव मंदावते, जे अंधारात खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्याला सरळ धोक्याचे आहे. शाकाहारी ज्येष्ठ धावपटूने ही तपासणी करून घेणे आणि गरज असेल तर गोळी किंवा इंजेक्शन घेणे, यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. कॅल्शियमसाठी नाचणी आणि दूध, आणि ड जीवनसत्त्वासाठी ऊन व जरूर तर डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा, एवढा निर्देश येथे पुरे.

धावण्यापूर्वीचे खाणे आणि औषधे यांचा संबंध मात्र थोडा विस्ताराने सांगायला हवा. पहाटे उपाशीपोटी हळूहळू धावणे निरोगी माणसाला सहसा बाधत नाही, कारण स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, तासाभराच्या धावेला पुरते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेह्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या रक्तातील साखर धावताना, आणि पुष्कळदा काही तासांनी रात्री झोपेतसुद्धा, धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांनी छातीचे ठोके दाबले जातात, त्यामुळे साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही आणि मनगटावरील घड्याळ दाखवील तो आकडाही श्रमाची खरी कल्पना देत नाही. धावताना पूर्ण वाक्य बोलता येते की नाही, ही जुनी कसोटी अशा वेळी घड्याळापेक्षा विश्वासार्ह ठरते.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके धोक्याची आहेत. वयाबरोबर तहानेची जाणीव क्षीण होते, मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती घटते, आणि मुंबई किंवा कोकणाच्या दमट हवेत घाम सुकत नसल्याने शरीर थंड होत नाही. म्हणून तहान लागेपर्यंत थांबणे वृद्धाला नेहमीच पुरेसे नसते. उलट सावधगिरी म्हणून प्रत्येक टेबलापाशी पेलाभर पाणी पीत गेल्यास रक्तातील सोडियम विरळ होते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांत ते कमी आढळले होते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. धावण्यापूर्वी आणि नंतर वजन करून पाहिले तर उत्तर सापडते : किलोभर घट म्हणजे साधारण लिटरभर घाम, आणि वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले.

गुडघे झिजतील ही भीती सर्वांत व्यापक आणि सर्वांत कमी साधार आहे. स्टॅनफर्डच्या त्याच प्रकल्पात काही धावपटूंच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे सुमारे दोन दशके घेतली गेली आणि त्यांच्यात संधिवाताचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले नाही. ज्येष्ठांना प्रत्यक्षात सतावतात त्या पोटऱ्या आणि टाचेमागची अकिलीज कंडरा, कारण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा नव्या भाराशी जुळवून घ्यायला स्नायूंहून अधिक वेळ घेतात. म्हणून अंतर सावकाश वाढवणे, दोन धावांमध्ये विश्रांतीचा दिवस ठेवणे आणि आठवड्यातून दोनदा पोटऱ्या, मांड्या व कंबर यांचा ताकदीचा व्यायाम करणे हा क्रम पुढे सुचवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शनात ताकदीच्या व्यायामाचे किमान दोन दिवस आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याच्या व्यायामाचे तीन दिवस सांगितले आहेत. नुसते धावणे स्नायुक्षय पूर्णपणे रोखत नाही, हे धावण्यावर प्रेम करणाऱ्यांनी मान्य केले पाहिजे.

ज्यांना हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा दीर्घकाळचा मधुमेह आहे, त्यांनी येथील कोणताही आकडा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगीकारू नये. मूत्रपिंड दुबळे असेल तर प्रथिनांचे प्रमाण ठरवणे हे सर्वस्वी वैद्याचे काम आहे, आणि श्रम करताना छातीत दाब किंवा भोवळ जाणवत असेल तर तपासणी होईपर्यंत धावणे थांबवावे. इतर वाचकांना एवढीच विनंती, की पुढची प्रकरणे हाती घेण्यापूर्वी त्यांनी एका आठवड्याचे आपले खाणे, चहाबरोबरच्या बिस्किटांसह, वहीत प्रामाणिकपणे लिहून काढावे, त्यातील प्रथिनांची बेरीज स्वतःच्या वजनाशी ताडून पाहावी, आणि धावेत पुढचा किलोमीटर वाढवण्याआधी रात्रीच्या जेवणातली तूट भरून काढावी.